मागून धडक

‘मागची गाडी धडकली की चूक मागच्याची.’ गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. पुढचा कधीही थांबेल असे धरूनच अंतर ठेवायचे. गेली वीस वर्षे मी हे इतरांना ऐकवत आलो. आणि जुलै २०२५ मध्ये एका संध्याकाळी काँग्रेस रोडवर मीच पुढच्या गाडीला मागून धडक दिली.

बेळगावच्या वाचकांना जागा लगेच कळेल. दुसऱ्या रेल्वे गेटचे फाटक पडले की तिकडे वळणाऱ्या गाड्या रस्त्यावरच थांबतात. पाऊस भुरभुरत होता. शेजारच्या सीटवर नववीतली लेक होती. गिअरजवळच्या खाचेत ठेवलेला मोबाईल वाजला, कॉलेजच्या ग्रुपवर काहीतरी आले होते. मी खाली पाहिले. ‘बाबा!’ अशी हाक ऐकून ब्रेक दाबला, तोवर उशीर झाला होता. नंतर मी हिशेब केला. ताशी तीस किलोमीटर वेगानेसुद्धा गाडी एका सेकंदात आठ मीटरच्या वर पुढे जाते, आणि मी दोन सेकंद तरी खाली पाहत होतो.

आमचे बॉनेट दुमडले. पुढच्या गाडीचा बंपर एका बाजूने लोंबू लागला आणि डिकी अर्धवट उघडून राहिली. गाडीचा नंबर केए २४, म्हणजे बैलहोंगलची. आतून सत्तरीतले एक अज्जा उतरले. धोतर, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मागोमाग त्यांच्या पत्नी मान धरत उतरल्या. अज्जा माझ्याकडे न येता आधी लेकीच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, ‘पेट्टागेतेनवा?’ लागलंय का ग? तिने मान हलवून नाही म्हटले.

तोवर माणसे जमली. आपल्या गावात गर्दी जमली की बंपरच्या आधी भाषा पाहिली जाते. दोन तरुण माझ्याकडे वळून म्हणाले, ‘काय झालं सर?’ तिकडे दोघे-तिघे अज्जांशी कन्नडमध्ये बोलू लागले. बघता बघता दोन बाजू तयार झाल्या. मी त्या तरुणांना मराठीत सांगितले, ‘काय करणार, म्हाताऱ्यानं अचानक ब्रेक मारला.’ अज्जा चार हातांवर उभे होते. त्यांना मराठी कुठले कळणार, असे मी गृहीत धरले. लेक माझ्याकडे बघत होती. तिने मोबाईल पाहिला होता.

वाद मात्र वाढला नाही, कारण अज्जांनीच वाढू दिला नाही. हात वर करून ते आपल्या बाजूच्यांना काहीतरी म्हणाले, आणि माणसे पांगली. आम्ही फोन नंबर घेतले, दोन्ही गाड्यांचे फोटो काढले. दोरीने बंपर बांधून ते निघून गेले. मी त्यांचा नंबर ‘बैलहोंगल गाडी’ या नावाने ठेवला.

घरी बायकोलाही मी तेच सांगितले, अचानक ब्रेक मारला म्हणून. ती धारवाडची, आमच्या घरात स्वयंपाकघराची भाषा कन्नड आणि बैठकीची मराठी. तिने एवढेच विचारले, ‘त्या अज्जींना फार लागलं का?’ मी म्हटले, ‘नाही, चालत होत्या की.’

दुसऱ्या दिवशी एजंटाने क्लेमचा अर्ज पाठवला. त्यात एक रकाना असतो : अपघात कसा झाला, थोडक्यात लिहा. खरे तर सर्वसमावेशक पॉलिसी असली की चूक आपली असूनही आपल्या गाडीचा खर्च मिळतो. एरवी विमा घ्यायचा तरी कशाला? तरीही मी लिहिले, ‘समोरच्या वाहनाने अचानक ब्रेक लावल्यामुळे’. तीन ठिकाणी सांगून झाल्यावर ते मलाही खरे वाटू लागले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘बैलहोंगल गाडी’चा फोन आला. मी स्टाफरूममध्ये होतो. एक सहकारी म्हणाले, ‘उचलू नका. एकदा उचललात की खर्चाची यादी सुरू होते.’ दुसऱ्यांनी भर घातली, ‘आता मान दुखते म्हणतील, मग कंबर. ही माणसं तशीच.’ ‘ही माणसं’ म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. माझी बायको, माझी सासू, लेकीचे मामा याच ‘माणसांत’ येतात, हे त्या वेळी मला सुचले नाही असेही नाही. सुचले, आणि मी चहा पीत राहिलो.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मोबाईल टेबलावर थरथरत होता आणि लेक पडद्यावरचे नाव वाचत होती. ‘बाबा, घ्या ना.’ मी म्हटले, ‘नंतर.’ ती काही बोलली नाही, पण दप्तर उचलताना तिने डावा खांदा जरा चोरला. मी ते पाहिले आणि दप्तर जड असेल असे समजलो.

रविवारी चौथ्यांदा फोन वाजला, तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. बायकोने उचलला. बाहेर आलो तर ती ‘हौद्री, हौद्री’ करत उभी होती, चेहरा गंभीर. फोन ठेवून तिने सांगितले, ‘त्यांच्या बायकोला त्या दिवशी काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मान वळवता येईना. डॉक्टर म्हणाले, अशा धडकेत दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. म्हणून ते चार दिवस फोन करतायत, तुमच्या मुलीलाही दाखवून आणा म्हणून.’

पैशाचा विषयच नव्हता.

लेकीला जवळ घेऊन विचारले, तेव्हा तिने खांद्यावरचा ओढणीएवढा लांब काळानिळा पट्टा दाखवला. ‘का नाही सांगितलंस?’ ती म्हणाली, ‘डॉक्टर विचारणार, कसं झालं म्हणून. मग मला मोबाईलचं सांगावं लागलं असतं.’ वर्गात साठ मुलांपुढे तासभर बोलणारा मी, तिला उत्तर देऊ शकलो नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो आणि मी होऊनच सगळे सांगितले, मोबाईलसकट. लेकीला सीटबेल्टचा वळ होता, आणखी काही नव्हते. बेल्ट नसता तर ती काचेवर आपटली असती. डॉक्टरांनी समजावले ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मागून धडक बसली की पुढच्या गाडीतल्या माणसाचे धड सीटबरोबर पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते, आणि मानेला हिसका बसतो. सीटवरची डोके टेकायची उशी खाली दाबून ठेवलेली असेल तर हिसका जास्त. तिचा वरचा कडा डोक्याच्या माथ्याच्या जवळपास यायला हवा आणि डोके व उशी यांत फार अंतर नको. साधी मान दुखत असेल तर आठवडेच्या आठवडे पट्टा बांधून बसायचे नाही, सांगतील तशी हळूहळू हलवायची. पण हातात मुंग्या, बधिरपणा, चक्कर किंवा वाढती डोकेदुखी असेल तर वाट पाहत बसू नये.

घरी येऊन मी क्लेमचा अर्ज फाडला आणि नवा लिहिला. या वेळी तो रकाना एका ओळीत भरला : ‘माझे लक्ष मोबाईलकडे होते.’

पुढच्या रविवारी आम्ही तिघे बैलहोंगलला गेलो. सोबत कुंदा घेतला. वाटेत मी बायकोकडून वाक्ये पाठ करून घेत होतो आणि मागे बसलेली लेक माझे उच्चार सुधारत होती. अज्जींच्या मानेला अजून पट्टा होता. बसल्या बसल्याच मी म्हणून टाकले, ‘तप्पु नंदु री. मोबाईल नोडाक हत्तिद्दे.’ चूक माझी, मी मोबाईल बघत होतो.

अज्जा हसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘सर, मराठीत बोला. तीस वर्षं रविवार पेठेत धान्याची गाडी घेऊन येत होतो मी.’

माझ्या हातातले पाण्याचे भांडे तसेच राहिले. म्हणजे काँग्रेस रोडवर मी काय बोललो ते त्यांनी शब्दन् शब्द ऐकले होते. ‘मग त्या दिवशी काही बोलला का नाही?’ मी विचारले. त्यांनी लेकीकडे पाहिले. ‘ही शेजारी उभी होती. पोरीसमोर बापाला खोटा पाडून मला काय मिळणार होतं?’

पैशाची गोष्ट मीच काढली. त्यांनी पाच-सहा वर्षांत एकही क्लेम केला नव्हता. हप्त्यात मिळणारी पन्नास टक्क्यांची सूट या क्लेमने जाणार होती, म्हणून गॅरेजचे बिल मी भरायचे ठरवले. ते नको नको म्हणत होते. शेवटी बायको कन्नडमध्ये काय बोलली कोण जाणे, त्यांनी मान्य केले. अज्जींच्या औषधाचे मात्र घेतले नाहीत. अज्जी म्हणाल्या, ‘कुंदा आणला ना, पुरे.’

निघताना दुरुस्त होऊन आलेली त्यांची गाडी अंगणात उभी होती. मी विचारून आत डोकावलो. अज्जींच्या सीटची उशी अगदी खाली दाबलेली होती, कव्हरमुळे बटणही झाकले गेले होते. लेकीने कव्हर बाजूला केले, मी बटण दाबून उशी वर ओढली आणि अज्जींना बसवून उंची बघितली. मग अज्जांची केली. मग आमच्या गाडीतल्या पाहिल्या, तर तिथेही बायकोच्या सीटची खालीच होती.

परतताना मोबाईल डिकीत होता. नंतर पाहिले तर दोन मिस्ड कॉल होते, दोन्ही बैलहोंगलचे. घाबरून लगेच फोन लावला. अज्जा म्हणाले, ‘काही नाही सर, पोचलात का विचारायला केला होता.’