झिपरीचं एकच वेत

झिपरी आमच्या घरी आली तेव्हा दोन वर्षांची होती. काकाजींच्या थोरल्या मुलाला पुणं सोडून परदेशी जावं लागलं, आणि तिला कुणाच्याही गळ्यात मारण्यापेक्षा तो स्वतः गाडी चालवत तिला अमरावतीला घेऊन आला. पाठ काळीभोर, गळ्याभोवती पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे. कागदावर तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आजीने तिच्या मानेवरचे केस पाहून ‘झिपरी’ म्हणून हाक मारली आणि तेच टिकलं. त्याच दमात आजीने काकाजींच्या मुलाला विचारलं, “काहून आणलं रे हे केसाचं जनावर वऱ्हाडात? चैतात मरन ना ते!”

आजीचं चुकत नव्हतं. झिपरी होती बॉर्डर कॉली, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ओल्या, गार डोंगरांतली कुत्र्याची जात. तिचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प १८९३ साली नॉर्थम्बरलंडात ॲडम टेल्फर या मेंढपाळाकडे जन्मला. भुंकणं नाही, चावणं नाही, नुसत्या नजरेने तो मेंढ्या हलवायचा. १९०६ साली तिथल्या मेंढपाळांनी आपल्या कुत्र्यांसाठी संस्था काढली. त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या कुत्रं निवडलं ते कामावरून, रूपावरून नाही. आणि आमच्या अकोल्या-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मला विचारलं असतं, तर ही जात इथे आणा असं मी कधीच सांगितलं नसतं. पण झिपरी आली होती, आणि आलेल्या जिवाला नीट सांभाळायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

उन्हाळ्यात तिचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. वडाळी तलावाकडे फेरी, चेंडूमागे पळणं, आणि ऊन चढायच्या आत घर. मग संध्याकाळी रस्त्यावर उलटा हात ठेवून चटका बसत नाही ना हे पाहिल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. दुपारी मधल्या खोलीत कूलरसमोर, फरशीवर ओलं गोणपाट. “भादरून टाका ना तिले,” असं येणारा-जाणारा सांगे. आम्ही कधी कात्री लावली नाही. वरचा केस उन्हालाही आडवा येतो. काढायची ती आतली मऊ लव, तीही फणीने, रोज. लू लागलेल्या कुत्र्याला बर्फात घालायचं नसतं, साध्या पाण्याने पोट आणि जांघा भिजवून, वारा घालत दवाखाना गाठायचा असतो, हे घरातल्या पोरांनाही पाठ झालं होतं.

अंग थकवणं सोपं होतं, डोकं थकवणं अवघड. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. झिपरीचा शब्दसंग्रह घरगुती होता: पायतन, टोपलं, चऱ्हाट, आजीचा चष्मा. “पायतन आन” म्हटलं की ती आणायची, आणि ज्याचं त्याला द्यायची. काम नसलं की ती स्वतः काम शोधायची. लग्नघरी अंगणात पसरलेली पोरं तिने एकदा कोपऱ्यात गोळा करून बसवून ठेवली होती, एकालाही दात न लावता.

मेंढ्या मात्र तिने आमच्या शेतावर पाहिल्या. शेत दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीला खारं पाणी, त्यामुळे कापूस, तूर, हरभरा असं कोरडवाहू पीक. रान मोकळं झालं की धनगर येतात आणि लेंडीखतासाठी शेतकरी त्यांचा कळप वावरात बसवून घेतात. झिपरीने कळप पाहिला आणि ती जमिनीला चिकटली. मान खाली, डोळे समोर, एकेक पाऊल मोजून. धनगरबाबा म्हातारे होते, कुत्र्यातलं जाणणारे. म्हणाले, “सोडा तिले. पाहू काय करते.” चऱ्हाट सोडलं. ती मेंढ्यांवर धावून गेली नाही. धुऱ्याच्या कडेने मोठा वळसा घेऊन पलीकडे गेली, तिथे खाली बसली, आणि पांगलेल्या मेंढ्या हळूहळू आमच्याकडे सरकू लागल्या. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. धनगराचे दोन कुत्रे बांधावर उभे राहून पाहत होते. “बाप्पा!” म्हातारा म्हणाला, “आमचं कुत्रं लांडग्यापासून मेंढ्या राखते. हे तं माणसावानी वळते!”

ही गोष्ट गावभर झाली आणि पिल्लांची मागणी सुरू झाली. “एक आमच्यासाठी ठेवजा” म्हणत कुणी तर विसार द्यायलाही आलं. बाबांनी एकाचाही रुपया घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं की, आधी आईबाप तपासायचे, मग घरं ठरवायची, आणि दोन्ही जमलं तरच वीण. जुन्या शेतकऱ्याने गोऱ्ह्याची पारख करावी तशी त्यांनी ही गोष्ट मनावर घेतली.

अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे झिपरीच्या खुब्यांचा एक्स-रे काढला. खुबा सैल असलेली कुत्री दिसायला धडधाकट असते, आणि तिची पिल्लं पुढे मागच्या पायांनी लंगडतात. खुबे चांगले निघाले. गालाच्या आतल्या बाजूचा फाया जनुकीय तपासणीसाठी पाठवला. या जातीत काही दोष रक्तातून उतरतात. एकात डोळ्याचा मागचा पडदा जन्मतःच अधू असतो. एकात पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात अडकून पडतात आणि पिल्लू काही महिन्यांत जंतुसंसर्गाने जातं. आणखी एकात मेंदू झिजत जातो. कुत्रं दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत काही कळत नाही, मग ते आंधळ्यासारखं भिंतींवर आदळू लागतं. झिपरी डोळ्याच्या दोषाची वाहक निघाली. तिचे स्वतःचे डोळे ठणठणीत, पण दोषाची एक प्रत तिच्या अंगात. तसाच वाहक नर मिळाला, तर प्रत्येक पिल्लाला चारात एक एवढा धोका. नर निर्दोष असेल, तर एकही पिल्लू अधू होत नाही. इतका साधा हिशेब आहे, आणि तो न करता दरवर्षी पिल्लं विकली जातात याची मला मनापासून चीड येते.

पहिला नर दाखवला गेला तो देखणा होता, बक्षिसं मिळवलेला. तपासणीचं विचारलं तर मालक म्हणाले, “कागद आहेत की!” केनेल क्लबचा कागद वंश सांगतो, खुबा आणि डोळा सांगत नाही. आम्ही नमस्कार करून उठलो. झिपरीचा तो माज तसाच गेला. पुढच्या वेळी मिळालेला नर रूपाने साधा, एक कान पडलेला, पण सगळ्या तपासण्यांत स्वच्छ आणि स्वभावाने शांत. त्याच्याशी दसऱ्याच्या सुमारास जोडी लावली, म्हणजे पिल्लं थंडीत येतील.

कुत्रीचे दिवस साधारण ६३. शेवटच्या आठवड्यात आई तिचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायची. वेण्याच्या आदल्या दिवशी तो ३७ अंशांच्या खाली उतरला आणि आईने चुलीवर पाणी चढवलं. पहाटेपर्यंत सहा पिल्लं झाली. पाचवं हललंच नाही. आईने पदराने चोळून चोळून पाहिलं, पण ते गेलेलंच होतं. बाकीची पाच सडांना लागली. पहिले पंधरा दिवस पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून लाकडी पेटीच्या एका टोकाला दिवा, दुसरं टोक थंड. ज्याला जे हवं तिकडे ते सरकेल. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. वजन वाढलं नाही तर पिल्लू उपाशी आहे, हे ते रडायच्या आधी काटा सांगतो.

बाराव्या दिवशी डोळे उघडू लागले. पुढचे दोन-अडीच महिने पिल्लाच्या आयुष्याचा पाया घालतात, आणि नेमके हेच दिवस बहुतेक पिल्लं दुकानाच्या पिंजऱ्यात काढतात. आमची पाच कुकरच्या शिट्टीत, मिक्सरच्या घरघरीत, आजीच्या भजनात वाढली. टोपी घातलेले, काठी टेकणारे, रडणारे, पळणारे, सगळ्या प्रकारचे लोक मुद्दाम बोलावून त्यांच्या मांडीवर पिल्लं दिली. जंताचं औषध वेळेवर, सहाव्या आठवड्यानंतर पहिली लस. रस्त्यावर मात्र एकही पाऊल नाही, कारण पार्व्होचा आजार आमच्या गावात कायमचा मुक्कामाला आहे.

केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांच्या प्रजननाचे आणि विक्रीचे नियम केले. मादी दीड वर्षाची होण्याआधी वीण नाही, जन्मभरात पाचांहून अधिक वेळा नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मला हे किमान वाटतं. आमची पिल्लं दहाव्या आठवड्यानंतर गेली. जोडी मागणाऱ्या एका गृहस्थांना बाबांनी चहा पाजून परत पाठवलं. दिवसभर कुलूप असलेल्या फ्लॅटला नकार दिला, तो नातेवाइकांचा होता तरीही. एक पिल्लू अकोल्याच्या शिक्षक दांपत्याकडे गेलं, एक चिखलदऱ्याला, जिथे उन्हाळाही माणसात असतो. दोन शेतावर राहणाऱ्या कुटुंबांत गेली. प्रत्येकाकडून लिहून घेतलं होतं, सांभाळणं झालं नाही तर पिल्लू आमच्याकडेच परत. पाचवं तसंच परत आलं. त्या घरात बाळ झालं आणि कुत्र्याला वेळ उरेना. आम्ही त्यांना बोल लावला नाही. त्यांनी शब्द पाळला होता. ते पिल्लू, चंप्या, मग आमच्याकडेच राहिलं.

झिपरीची शस्त्रक्रिया त्याच वर्षी करून घेतली. पिल्लांना इतकी मागणी असताना हा वेडेपणा आहे असं बरेच जण म्हणाले. बाबांचं उत्तर एकच, “तिनं तिचं काम केलं.”

ती तेरा वर्षं जगली. शेवटी ऐकू येत नव्हतं, तरी आजीने हाताने खूण केली की चष्मा आणून द्यायची. गेली ती पौषात, झोपेत. तिला शेतावर, धुऱ्याच्या बाभळीखाली पुरलं. तिच्या पाच पिल्लांपैकी एकालाही डोळ्याचा किंवा खुब्याचा त्रास झाला नाही.

अजूनही फोन येतात, बॉर्डर कॉलीचं पिल्लू कुठे मिळेल म्हणून. आधी सांगतो, वऱ्हाडात राहत असाल आणि दिवसभर घर बंद असेल, तर ही जात घेऊ नका. गल्लीतलं एखादं पिल्लू लस देऊन घरात घ्या, त्याला हे ऊन सोसतं. तरीही घ्यायचंच असेल, तर किंमत विचारण्याआधी आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागा आणि पिल्लाची आई पाहायला मागा. आई दाखवली नाही, तर रिकाम्या हाताने परत या.