ठेवण्याची विद्या

वस्तु वापरावी कशी हें शिकविणारे जगांत पुष्कळ आहेत. वापरून झाल्यावर ती ठेवावी कशी हें शिकविणारा विरळा. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून आम्ही निवृत्त झालों. पण ही दुसरी विद्या आम्हांस कोणीं शिकविली नव्हती, आणि आम्हींही ती कोणास शिकविली नाहीं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, स्वदेशापासून हजारों मैल दूर, एका हट्टी यंत्रापाशीं ती आम्हांस शिकावी लागली. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमचे चिरंजीव कॅनडांत, ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागांत, सडबरी येथें खाणींवरील इंजिनियर आहेत. निकेलच्या खाणींमुळें हें शहर वसलें, आणि त्याच्या हद्दींत तीनशेंवर सरोवरें आहेत. २०२४ च्या मार्च महिन्यांत, होळीस आठ दिवस राहिले असतां, साताऱ्यास आमच्या कुटुंबाचा अंत झाला. चिरंजीव मिळेल त्या विमानानें आले, दिवसवार आटोपून परत गेले, आणि नोव्हेंबरांत त्यांनीं आम्हांस आपल्याकडे नेलें. सूनबाई व नातू यांच्या सहवासांत आम्हांस कांहीं उणें नव्हतें. मात्र एक गोष्ट मनाला लागून राही. त्या घरांत तिचें नांव कोणी काढीत नसे. आम्हांस दुःख होईल म्हणून ते काढीत नसत, आणि त्यांस होईल म्हणून आम्ही!

डिसेंबर उजाडला, अंगणांत गुडघाभर बर्फ सांचलें, आणि नातवानें स्नोमोबाईल बाहेर काढण्याचा हट्ट धरला. ही बर्फावरून धांवणारी गाडी होय. पुढें चाकांच्या जागीं दोन लांबट पट्ट्या, मागें रबराचा रुंद फिरता पट्टा, आणि मध्यें मोटारसायकलसारखी बैठक. चिरंजीवांनीं ती जुनी विकत घेतलेली. दोरी ओढून सुरू करण्याच्या धाटणीची.

या वाहनाचा इतिहास आम्हांस चिरंजीवांनींच सांगितला. क्वेबेक प्रांतांतील व्हॅलकोर्ट गांवचा जोसेफ-आर्मां बोंबार्डिए हा वयाच्या पंधराव्या वर्षापासून, म्हणजे १९२२ सालापासून, बर्फावर चालेल अशा यंत्राच्या नादीं लागला होता. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानें बुजलेले. इस्पितळ गांठतां आलें नाहीं, आणि मूल दगावलें. पुढें १९३७ मध्यें त्याला आपल्या पट्ट्याच्या रचनेचें पेटंट मिळालें, सात माणसें बसतील अशी गाडी त्यानें बाजारांत आणली, आणि १९५९ मध्यें एकदोघांपुरती हलकी गाडी निघाली. आज जिच्यावर पोरें खेळतात, तिच्या मुळाशीं एका बापाचें दुःख आहे, हें ऐकून आम्ही बराच वेळ गप्प होतों.

असो. गाडी कांहीं केल्या सुरू होईना. चिरंजीवांनीं पंचवीस-तीस वेळां दोरी ओढली. बाहेर थंडी शून्याखालीं पंधरा अंश. तरी त्यांच्या कपाळावर घाम आला. दुरुस्तीवाल्याकडे विचारलें तों पंधरा दिवस थांबा म्हणाला. चिरंजीव चिडून म्हणाले, "नवे प्लग घालतों, नाहीं तर मोडींत काढतों!"

आम्हांस यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. पण निदानाआधीं औषध देऊं नये, एवढें आम्ही जाणतों. आम्हीं विचारलें, "बाळ, इंजिनाला पेटायला काय काय लागतें?" ते हंसले, पण मास्तरांच्या मुलाला उत्तर देण्याची संवय असते. म्हणाले, "बाबा, तीन गोष्टी. पेट्रोल, हवा आणि वेळेवर ठिणगी." "मग तिन्हींना एकेक करून साक्षीला बोलाव," आम्ही म्हणालों. तर्कशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक अशीं दोन साधनें सांगितलीं आहेत. कारण असतां कार्य होतें, हा अन्वय. कारण नसतां होत नाहीं, हा व्यतिरेक. तीं आम्हीं वर्गांत कित्येकदां शिकविलीं, पण लोखंडावर लावण्याची ही पहिलीच वेळ!

प्रथम बंद करण्याची कळ पाहिली. चालक पडल्यास इंजिन थांबावें म्हणून त्याच्या अंगाला एक दोरी अडकवितात. तिचें टोपण जागेवर आहे कीं नाहीं हेंही पाहिलें. दोन्ही ठीक होतीं. मग प्लग काढून, पेट्रोलपासून दूर, इंजिनाच्या धातूस टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी लख्ख उडाली. ठिणगी निर्दोष ठरली. मग हवेच्या पेटींत पाहतों, तों उंदरांनीं गवताचें व कापसाचें घरटें केलेलें! नातवानें टाळ्या पिटल्या. चोर सांपडला असें सर्वांस वाटलें. तें काढून पुन्हां दोरी ओढली, इंजिन मुकेंच. म्हणजे हा दोष खरा, पण एकटाच नव्हे. इतक्यांत चिरंजीव म्हणाले, "इतके वेळां ओढूनही प्लग कोरडेच आहेत. पेट्रोल आंत जातच नाहीं."

त्यांनीं टाकीचें झांकण उघडलें. जुन्या रोगणासारखा आंबूस उग्र दर्प आला. चिरंजीव थबकले, आणि हळूच म्हणाले, "बाबा, हें मार्चचें पेट्रोल आहे."

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग तेच पुढें म्हणाले, "त्या रात्रीं सरोवरावरून परत आलों, तों फोन वाजला. गाडी होती तशी आंत ढकलली. मग उन्हाळाभर तिच्याकडे पाहवलेंच नाहीं."

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. शेवटीं म्हणालों, "तुझ्या आईचें कपाट आम्हींही अजून उघडलेलें नाहीं. तसेंच कुलूप लावून आलों." त्या थंड गॅरेजांत आठ महिन्यांनीं तिचें नांव निघालें, आणि उभयतांचे डोळे भरून आले.

पेट्रोल नुसतें ठेवलें तर त्यांतील हलका, चटकन् पेटणारा अंश उडून जातो. उरलेल्याचा हवेशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट गाळ बनतो. त्यांत इथेनॉल मिसळलेलें असेल तर तें दमटपणाही शोषतें. कार्ब्युरेटरांतील छिद्रें केसासारखीं बारीक. तीं या गाळानें बुजतात. उघडून पाहिलें तों वाटींत पिंवळी साय धरलेली, आणि सर्वांत लहान छिद्र पार बंद. तारेनें टोंचूं नये, भोंक मोठें होतें, म्हणून तीं छिद्रें द्रावणानें धुऊन हवेच्या झोतानें मोकळीं केलीं. जुनें पेट्रोल डब्यांत भरून नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देण्यासाठीं बाजूस ठेवलें. टाकींत ताजें घातलें. गॅरेजचें दार सताड उघडलें, कारण धुरांतील विषारी वायूला वास नसतो. तिसऱ्या ओढीस इंजिन खोकलें, पांचव्या ओढीस निळा धूर सोडून धडधडूं लागलें. नातवाचा आनंद काय वर्णावा!

त्या रात्रीं जेवतांना चिरंजीवांनीं आईच्या गोष्टी काढल्या. पावसाळ्यापूर्वीं ती धान्यांत कडुनिंबाचा पाला घाली, लोणच्याच्या बरणीस दादरा बांधी, आमच्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवी. ती म्हणे, "ठेवतांना जो घाई करतो, तो काढतांना रडतो." आम्ही तिला हंसत असूं. ज्या दिवशीं वस्तु दगा देते, त्या दिवशीं ती बिघडलेली नसते. आपण तिच्याकडे पाठ फिरविली त्या दिवसापासून ती बिघडूं लागलेली असते. मनांत ठेवलेल्या दुःखाचेंही तसेंच असावें.

२०२५ च्या एप्रिलांत, परत निघण्यापूर्वीं, आम्हीं पितापुत्रांनीं ती गाडी विधिपूर्वक ठेवली. ताज्या पेट्रोलांत तें टिकविणारें औषध घालून इंजिन थोडा वेळ चालविलें, म्हणजे तें सर्वत्र पोंचतें. मग कार्ब्युरेटरची वाटी रिती केली, प्लगच्या छिद्रांतून आंत तेल फवारलें, हवेच्या तोंडास उंदरांसाठीं जाळी लावली, आणि मागचा पट्टा जमिनीपासून उचलून ठेवला. तासभराचें काम.

साताऱ्यास आल्यावर पहिल्या रविवारीं आम्हीं तिचें कपाट उघडलें. लुगड्यांच्या घडींत वेखंडाचा वास अजून होता. चिरंजीवांस फोन लावला, आणि कोणतें लुगडें कोणास द्यावें हें दोघांनीं मिळून ठरविलें. एक मात्र कोणासही दिलें नाहीं. तें नवें वेखंड घालून, नीट घडी करून, आम्हीं परत ठेवलें आहे.