वाघांची सोयरीक

पुण्यात लग्न जमवायला बसलेली मंडळी मुलाचा पगार विचारतात, फ्लॅट विचारतात, पण त्याच्याही आधी कुणीतरी काकू हळूच विचारतात, "गोत्र कोणते?" हल्ली शास्त्रज्ञ हाच प्रश्न वाघांना विचारू लागले आहेत!

थट्टा नव्हे. ओडिशातल्या सिमिलीपालच्या रानात काही वाघांचे पट्टे इतके रुंदावले आहेत, की लांबून ते काळेच दिसतात. मोठे देखणे जनावर! पण वाघांची विष्ठा आणि केस तपासून बंगळूरच्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली या रूपाचे मूळ सांगितले. एका जनुकातले एकच अक्षर बदलले आहे. एका वेलांटीने 'दिना'चा 'दीन' होतो, हे वर्गात सांगणाऱ्या मला याचे नवल वाटले नाही. मात्र तो बदल आई आणि बाप या दोघांकडून आला, तरच पिल्लू काळे होते. हे रान वाघांच्या इतर रानांपासून तुटलेले. बाहेरचे स्थळ येणार कुठून? घरातल्या घरातच सोयरिकी झाल्या. रंगाचे एक असो. पण याच वाटेने लपलेली दुखणीही उघडी पडू शकतात.

तेव्हा सरकारच मध्यस्थ झाले. २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर चंद्रपूरच्या ताडोब्याहून जमुना नावाची वाघीण सिमिलीपालला पोचली. पाठोपाठ नोव्हेंबरात झीनत गेली. ती डिसेंबरात जी निघाली, ती झारखंडातून थेट पश्चिम बंगालात! महिनाअखेर बाँकुड्यात तिला भूल देऊन पकडले आणि परत नेले.

"नव्या घरी रुळायला वेळ लागतोच हो!" सौ. म्हणाली.

मला मात्र त्या भटकंतीचे कौतुक वाटले. चालत जाऊन आपले रान आपण शोधावे, ही तर वाघांची मूळची रीत. रस्ते, खाणी आणि शहरे यांनी ती वाट अडवली, म्हणून लेकीला पिंजऱ्यात घालून सासरी पोचवावे लागले. कान्हा आणि पेंच यांच्यामध्ये जंगलाचा पट्टा टिकून आहे. तेथे मध्यस्थ लागत नाही. नागपूर–सिवनी महामार्गही पेंचच्या रानात काही ठिकाणी खांबांवर उचलला आहे. वरून मोटारी जातात, खालून वाघ.

दोन वाघिणींनी एका रानाची नड कदाचित भागेल. पण उद्या अशी दहा राने तुटली, तर ताडोब्याने किती लेकी द्यायच्या? त्यापेक्षा रस्त्याला चार खांब जास्त लागले, तर तो खर्च मला तरी लग्नखर्चाहून स्वस्त वाटतो.