निदानाचा रकाना

माझ्या उपकेंद्राच्या जुन्या नोंदवहीत पाच रकाने होते. तारीख, नाव, वय, तक्रार आणि दिलेलं औषध. ‘निदान’ असा रकाना नव्हता. कान वाहतो, डोळे आले, डोकं दुखतं, एवढंच लिहायचं. रोगाला नाव द्यायचं काम डॉक्टरांचं, आणि डॉक्टर दोन ओढ्यांपलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. १९८६ साली दीड वर्षाचा एएनएमचा कोर्स करून मी शाहूवाडी तालुक्यात रुजू झाले, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. डोंगरी भागातलं उपकेंद्र म्हणजे तीन हजार वस्तीला एक नर्स. वाड्यावस्त्या, वर धनगरवाडे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत न थांबणारा पाऊस.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. स्पिरिटचा, वातीच्या स्टोव्हवर उकळणाऱ्या सिरिंजांच्या वाफेचा आणि ओल्या घोंगड्यांचा. डोळे तपासायची आमची जागा म्हणजे ओटा. सकाळचं कोवळं ऊन समोरून यायचं, त्यात पेशंटला बसवायचं, खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि बघायचं. कानासाठी दाई बॅटरी धरायची. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागं ओढायचा, तान्ह्याचा खाली आणि मागं, हे हाताला पक्कं बसलं होतं. पण बॅटरीचा उजेड पोचेल तेवढंच दिसायचं. त्याच्या पुढचा कान आमच्यासाठी अंधारात होता.

लोकांकडं त्यांचे उपाय असायचेच. डोकं उठलं की सुंठ उगाळून कपाळाला लेप. तो मी कधी पुसायला लावला नाही, कारण त्यानं कुणाचं वाईट होताना पाहिलं नाही. रांजणवाडीला शेक, तोही चांगलाच. पण कानात लसणीचं कोमट तेल आणि आलेल्या डोळ्यात आईचं दूध, या दोन गोष्टींशी माझं आयुष्यभर भांडण झालं. भाताच्या कापणीत कुसळ डोळ्यात गेलं की जिभेच्या शेंड्यानं काढणाऱ्या बायका होत्या. कुसळ निघायचं, पण बुबुळाला ओरखडा राहायचा, त्यात बुरशी धरायची आणि आठ-पंधरा दिवसांत डोळ्यात फूल पडायचं. उसाचं पातं लागून असे गेलेले डोळेही मी पाहिलेत. मेडिकलमधून मनानं आणलेले स्टेरॉइडचे थेंब अशा डोळ्यात पडले, तर उरलीसुरली नजर जाते.

एका भादव्यातली गोष्ट. एक बाई पाच वर्षांच्या मुलाला पाठीशी मारून आली. “बाई, पोराचा कान फुटलाय बघा. पंधरा दिस झालं, पू थांबंना.” मी स्वच्छ सुती कापडाची वात केली, कान कोरडा केला, दिवसातून तीनदा असंच कर म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. चार दिवसांनी ती परत आली, मग पुन्हा एकदा. चौथ्या खेपेला मूल मलूल होतं, अंगात ताप, आणि तो कान दुसऱ्यापेक्षा पुढं आलेला. कानामागं बोट लावलं तर पोर किंचाळलं. सूज तांबडी आणि ताणलेली होती. मला त्या सुजेचं नाव माहीत नव्हतं, पण हे आपल्या हातातलं नाही एवढं कळलं. दुधाच्या गाडीतून त्यांना कोल्हापूरला धाडलं. कानामागचं हाड सडत चाललं होतं. ऑपरेशन झालं, मूल वाचलं. त्या कानानं मात्र त्याला पुढं ऐकू आलं नाही. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढं चार वेळा एकाच अक्षरात लिहिलेलं होतं : कान वाहतो.

बऱ्याच वर्षांनी बालआजारांच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं की चौदा दिवस उलटूनही वाहणारा कान जुनाट धरायचा, आणि कानामागं दुखरी सूज दिसली तर त्याच दिवशी पुढं पाठवायचं. फळ्यावरची ती दोन वाक्यं उतरवताना मला तो मुलगा दिसत होता. तेव्हापासून कान दुखतो म्हणून आलेल्या एकाही लेकराला कानामागं बोट फिरवल्याशिवाय मी सोडलं नाही.

डोक्याचं बरंचसं निदान आम्ही प्रश्नांवरच करायचो. गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यात डोकं दुखतं म्हणाली की मी विचारायची, “बांगड्या घट्ट होतात का? डोळ्यांपुढं काजवे चमकतात का?” मग परीक्षानळीत लघवी तापवून अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब टाकायचा. तरीही गढूळपणा राहिला तर रक्तदाब बघायची वाट न पाहता गाडी शोधायची. हे मला येत होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

जे येत नव्हतं, तेही सांगते. साठीची एक आजी रात्रीपासून उलट्या करत होती. अर्धं डोकं ठणकत होतं, त्याच बाजूचा डोळा लाल. पित्त म्हणून घरच्यांनी कोकम पाजलं, पित्त म्हणून मीही गोळी दिली, लाल डोळ्याला थेंब दिले. दोन दिवसांनी त्या डोळ्यानं तिला माझी बोटंही मोजता येईनात. तो काचबिंदूचा अचानक आलेला झटका होता. डोळ्याच्या आतला दाब चढतो आणि तासांच्या हिशेबानं नजर जाते. बंद पापणीवरून दोन्ही डोळे बोटांनी चाचपून पाहिले असते, तर तो डोळा गोटीसारखा कडक लागला असता. माझी बोटं होती, ऊन होतं, वेळही होता. पण हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

२०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली. बाळंतपण आणि लसीकरण यांच्यापलीकडच्या सेवा तिथं आल्या, त्यात डोळ्यांचे आणि कान-नाक-घशाचे नेहमीचे आजारही आले. आमच्याकडं २०२१ मध्ये समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एक मुलगी आली. बीएस्सी नर्सिंग झालेली, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेली. तिनं पहिल्या पगारातून ओटोस्कोप, म्हणजे कान आतून बघायचं उपकरण, घेतलं. एका दुपारी मला म्हणाली, “ताई, या, बघा ना.” मी डोळा लावला.

मोत्यासारखा करडा, पातळ पडदा, आणि त्यावर उजेडाचा एक चिमुकला त्रिकोण. तो एका पोराचा निरोगी कान होता. मग तिनं त्याच पोराचा दुखरा कान दाखवला. पडदा लालभडक, फुगून पुढं आलेला, उजेडाचा त्रिकोण नाहीसा. पस्तीस वर्षं मी कानांवर उपचार केले होते आणि कानाचा पडदा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला बोलता येईना. त्या मुलानं माझा हात धरला, त्याला वाटलं मलाच काही दुखतंय.

तिचं काम मी जवळून बघत गेले. लाल डोळा आला की ती आधी तक्ता वाचायला लावते, मग थेंबांचा विचार करते. नजर शाबूत, पापण्या चिकटतात, चिपडं येतात, तर डोळे आलेत. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हा तिनं अशा शेकडो लोकांना हात धुवायला आणि रुमाल वेगळा ठेवायला सांगून घरी पाठवलं. पण नजर धूसर, उजेड सोसवत नाही, आतून ठणका, यातलं काहीही असलं की ती पेशंटला तिथं ठेवून घेत नाही. मिश्री लावणारी एक बाई कान दुखतो म्हणून आली. पडदा स्वच्छ निघाला. मी असते तर कानात तेल घालू नकोस एवढंच सांगून परत पाठवलं असतं. हिनं तिला तोंड उघडायला लावलं, दाढा ठोकून पाहिल्या, जिभेच्या कडेला बोट फिरवलं आणि तिथली बरी न होणारी जखम शोधली. घशातलं आणि जिभेमागचं दुखणं कानात उमटतं, हे तिला ठाऊक होतं.

आणि मागच्या वर्षी, अर्धं डोकं, उलट्या आणि एक लाल डोळा घेऊन आलेल्या एका काकूंना तिनं विचारलं, “दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?” काकू हो म्हणाल्या. बाहुली मोठी आणि हलेना, बुबुळ धुरकट. तासाभरात त्या कोल्हापूरच्या वाटेवर होत्या. त्यांचा डोळा वाचला.

सगळंच सुधारलं असं मी म्हणणार नाही. आम्ही घरोघर पायी जात होतो. कुठल्या घरात चुलीचा धूर कोंडतो, कुठल्या पोराला संध्याकाळी उंबरा दिसत नाही, हे चालता चालता कळायचं, आणि जीवनसत्त्व ‘अ’चा डोस कुणाच्या तोंडात आधी घालायचा हे डोक्यात पक्कं असायचं. गोवरानंतर फुटलेले कान आणि गेलेले डोळे लसीमुळं कमी होत गेले, तेही याच चालण्यातून. २०२४ मध्ये भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, तेव्हा टेट्रासायक्लिन मलमाच्या किती नळ्या या हातांनी पिळल्या असतील ते आठवत बसले. आजच्या मुलीला संध्याकाळी सहापर्यंत मोबाइलवर माहिती भरावी लागते. तिचे ते तास गावाला परत मिळायला हवेत. ओट्यावरचं ऊन आजही तसंच येतं, पण तिथं बसून पेशंटशी अर्धा तास बोलायला तिला सवड नाही.

तरी तो भादव्यातला मुलगा आज आला असता, तर तो तिच्या हाती पडावा असंच मला वाटतं. तिच्या टॅबवर ‘निदान’ नावाचा रकाना आहे आणि तो ती स्वतः भरते.

तुमच्या गावच्या केंद्रात अशी सिस्टर असेल, तर घरात कुणाचा कान दुखू लागल्यावर तेलाची वाटी चुलीवर ठेवू नका. आधी तिला कान दाखवा.