पहिल्या तासाचं दार

आमच्या कॉलेजात एक नियम होता. पहिला तास आठला सुरू, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी वर्गाचं दार बंद. नंतर येणाऱ्याने बाहेर थांबायचं, हजेरी नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ज्येष्ठांनी सांगितलं आणि मी तो पाळला. एक-दोन नव्हे, चांगली सोळा-सतरा वर्षं. कडी लागल्याचा आवाज आला की वर्ग आपोआप शांत व्हायचा. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

२०२३ च्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. जांबोटीच्या बाजूच्या एका खेड्यातून यायची. हजेरीपटावर माझ्या तासाला तिच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी. पण चाचणीचे पेपर तपासले तर तिची उत्तरं पहिल्या पाचांत बसतील अशी. मला शंका आली. तिला बोलावून विचारलं, "वर्गात तर तू नसतेस, मग हे कुठून लिहिलंस गं?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी व्हरांड्यात असते की. खिडकीच्या कडेला. तुमचा आवाज मोठा आहे, ऐकू येतं."

तिने वही पुढे केली. प्रत्येक तासाची टिपणं होती. सुरुवातीला प्रत्येक वेळी अर्धं पान कोरं, आणि पावसाच्या थेंबांनी मधेमधे शाई फुटलेली.

तिच्या गावाहून सकाळी सोयीची एकच बस. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांचा प्रवास मोफत झाला, पासाचे पैसे वाचले म्हणून घरचे खूश. पण गाडी खच्चून भरून यायची, कधी न थांबताच पुढे जायची. थांबली तरी स्टँडवर पोचायला सव्वाआठ. तिथून धावत आली तरी दार लागलेलंच.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी विचारलं, हा नियम केला कुणी? ऑफिसात फाइली पाहिल्या, लेखी काही सापडलं नाही. कन्नड शिकवणारे सहकारी हसून म्हणाले, "मोदलिंद हिंग ऐति, मेडम." मराठीवाल्यांचं उत्तर, "पूर्वीपासून चालत आलंय." आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांचं इतकं एकमत क्वचितच होत असेल!

शेवटी निवृत्त झालेल्या एका सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तो नियम आमच्याच काळातला. तेव्हा कॉलेज अकराला भरायचं. खेड्यांतल्या गाड्या दहापर्यंत येऊन गेलेल्या असायच्या. उशीर करायची ती कँटीनमध्ये बसलेली पोरं. त्यांच्यासाठी दार लावत होतो. पुढे मुलं वाढली, खोल्या पुरेनात, म्हणून कला शाखा सकाळी आणली."

म्हणजे नियम चुकीचा नव्हता. कॉलेज तीन तास अलीकडे आलं, नियमही तसाच उचलून आणला, एवढंच. मी इतिहास शिकवते. 'कारणे लिहा' हा प्रश्न दर पेपरात घालते. पण रोज ज्या कडीला हात लावत होते, तिचं कारण कधी विचारलं नाही.

प्राचार्यांशी बोलले. "शिस्त बिघडेल," ते म्हणाले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. हजेरी तासाच्या शेवटी घ्यायची आणि उशिरा येणाऱ्याने गुपचूप मागच्या बाकावर बसायचं, असं ठरलं. पहिली पंधरा-वीस मिनिटं मी मागच्या धड्याची उजळणी घेऊ लागले, नवा भाग त्यानंतर. आठवडाभरातच शहरातली मोटारसायकलवाली पोरंही साडेआठला येऊ लागली. त्यांना सांगितलं, ही सवलत बसची वाट पाहणाऱ्यांना आहे, उशिरा उठणाऱ्यांना नाही. दोघं-तिघं अजून येतात. चालायचंच.

त्या मुलीची हजेरी ७५ टक्क्यांत बसत नव्हती. मी प्राचार्यांना लिहून दिलं, की ही मुलगी रोज आवारात होती, वर्गाबाहेर मीच ठेवली होती. लिहिताना हात जरा अडखळला. तिला परीक्षेला बसता आलं.

म्हणून सगळं जुनं मोडीत काढावं असं नाही. हजेरी नंबरांनी घेतली तर वेळ वाचेल, असं आमच्यातल्या तरुणांचं म्हणणं. मी अजून नावंच घेते. नावाने हाक मारली की चेहरा लक्षात राहतो. जुन्या रीतीला कारण विचारलं म्हणजे ती जातेच असं नाही, कधीकधी पक्कीही होते. तुमच्या कचेरीत, दुकानात, स्वयंपाकघरातही अशी एखादी कडी असेल. एकदा विचारून बघा, ही का लावतो आपण?

माझ्या मनात मात्र एक सल राहिला आहे. परवा जुने हजेरीपट काढून पाहिले. पहिल्या तासाला गैरहजर राहिलेल्यांपैकी कितीतरी जण खानापूरकडच्या खेड्यांतले, आणि काहींची नावं पुढच्या वर्षीच्या पटावर नाहीतच. कुणी घरच्या अडचणीने शिक्षण सोडलं असेल, कुणाचं लग्न झालं असेल. कोण माझ्या दारामुळे गेलं, हे आता कळायचं नाही.

हल्ली शिकवायला उभी राहिले की आधी खिडकीकडे बघते.