सुकतीच्या आधी

आश्विनातल्या एका रविवारी आम्ही सहा स्नेही ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातून होडीने ठाण्याच्या खाडीत निघालो. वल्ही मारण्याची हौस आमची. खांदे भरून आले ते ऐरोलीच्या पुलाखालीच! काठाला तिवरांची दाट झाडी, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. रोहित पक्षी मात्र अजून यायचे होते. त्यांच्यासाठी २०१५ साली इथे अभयारण्य झाले. २०२२ साली ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

“पाखरांना जागा मिळाली, बरं झालं,” नाखवा म्हणाले. “पण पोरगा माझा कंपनीत लागला. ही होडी कोण वल्हवणार?”

मला उत्तर सुचेना. मी उगाच जोराने वल्हे मारू लागलो.

“राहू द्या, सर. पाणी सुकायला लागलंय. चिखलात रुतलो तर रात्रीच्या भरतीपर्यंत इथंच बसाल.”

आणि त्यांनी वल्हे माझ्या हातातून काढून घेतले.