खारा वारा किती वाजता?

फेब्रुवारी लागला की मी मोबाइलवर आधी वाऱ्याची दिशा बघतो, तापमान नंतर. आमच्या तलासरीत रात्री उगवतीचा वारा असतो, पुस्तकातला मतलई. एरवी दुपार व्हायच्या आत तो पडतो आणि डहाणूच्या अंगाने समुद्रावरून खारा वारा आत येतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस उगवतीचा वारा दुपार उलटेपर्यंत हटत नाही. कोरडी हवा शंभर मीटर उतरली की साधारण एक अंशाने तापते. हा वारा तर सह्याद्रीवरून, जव्हारच्या बाजूने उतरत आलेला असतो. समुद्र एवढा जवळ असून अशा दिवशी ओठ फुटतात आणि सागाच्या पाल्याचा मुठीत चुरा होतो.

वणवा पेटवणारे हात नेहमीचेच. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पाला जाळतं, कोणी भाताचं आवण, म्हणजे रोपं, टाकायच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजतं, कोणी विडी टाकतं. वर माळावरचं वाळलं गवत.  असल्या बारीकसारीक आगी बहुतेक दिवशी जागच्या जागी विझतात. उगवतीचा वारा टिकलेल्या दिवशी विझत नाहीत.

उधव्याकडच्या टेकडीवर असाच वणवा लागला होता. आग मावळतीकडे लांबट पट्ट्यात सरकत होती. आम्ही ओल्या डहाळ्या घेऊन तिच्या तोंडाशी धावणार, तेवढ्यात वनरक्षकाने अडवलं. म्हणाला, "मास्तर, तोंड सोडा, दक्षिणेची कड धरा." दोनच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा आला आणि ती अख्खी कडच आगीचं तोंड झाली. जाळरेषा आधी साफ केलेली होती, म्हणून तिथे थोपवता आली.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचे संदेश वनखात्याच्या फोनवर येतात. उपग्रहाने टिपलेली आग त्यात कळते. कामाची गोष्ट, पण तोवर पेटलेलं असतं. मला आधीचं हवं असतं: सकाळी अकराला वारा कुठून, हवेत दमटपणा किती, वारा वळणार कधी. 2018च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हादरते, तिची वेळ कोणालाच सांगता येत नाही. वाऱ्याची निदान अंदाजाने येते, मग ती का सोडावी?

‘आज वणवा लागेल, राब भाजू नका’ असं पाड्यावर सांगायला गेलो तर एक आजी म्हणाल्या, "राब भाजायचा नाही, मग आवण कुठं टाकायचं?" त्यांचं खरंच होतं. बंदीचे कागद लिहिणाऱ्यांना आवण टाकायचं नसतं. तेव्हापासून ‘आज वणवा लागेल’ असं मी म्हणत नाही. तो लागला नाही, तर पुढच्या खेपेला कोण ऐकणार? उगवतीचा वारा टिकणार असं दिसलं की मोबाइलवरच्या गटावर वारलीत आवाजी निरोप जातो: खारा वारा येऊन स्थिरावेपर्यंत काडी ओढू नका, राब संध्याकाळी भाजा, चार माणसं आणि पाण्याचे हंडे जवळ ठेवा. आजी अजून कुरकुरतात, पण संध्याकाळी भाजतात.